आत्याचं कमी-जास्त

परवा माझ्या नातीच्या शाळेनं मोबाइलवर एक खेळ पाठवला. पडद्यावर दोन टोपल्या, दोन्हींत आंबे, आणि आतून कुणी बाई लाडीक आवाजात विचारते, सांगा बरं, कशात जास्त? पोरीनं एका टोपलीला बोट लावलं. ते चुकलं, तर लगेच दुसरीला लावलं. टाळ्या वाजल्या, फुगे उडाले. आंब्यांकडं तिनं ढुंकूनही बघितलं नव्हतं. मी जन्मभर पहिलीचा वर्ग घेतलेली बाई, मला कुठलं राहवतंय? मी म्हटलं, "अगं, बघितलंस का तरी?" तर ती म्हणाली, "बघायचं कशाला आजी? दोनच तर आहेत." सून आतून म्हणाली, "आई, खेळू द्या हो तिला." घर त्यांचं, मोबाइल त्यांचा. पण त्या दिवसापासून सिंधूआत्या डोक्यात येऊन बसली आहे ती जायला तयार नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

तेव्हा आम्ही हर्सूलच्या रस्त्याला राहत होतो. आज तिथं दोन्ही बाजूंनी दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं झाली आहेत. रस्ता ओलांडायचा तर मला कुणाचा तरी हात धरावा लागतो. त्या वेळी तिथं पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिच्यातल्या दोन आमच्या, आणि पुढं नुसतं माळरान. शहर मात्र आमच्या दिशेनं सरकायला लागलं होतं. माळावर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. सकाळपासून खडी फोडल्याचा आवाज यायचा आणि मधेच सुरुंग उडाला की आईच्या मांडीवरचा बाळू दचकून रडायचा. पाऊस वर्षामागून वर्ष रुसला होता. हर्सूलच्या तळ्याचा तळ उघडा पडला होता आणि बायका तिथं वाटीनं पाणी काढायला झिरे उकरत बसायच्या. वैजापूरकडून, गंगापूरकडून माणसं बोचकी घेऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बंगल्याच्या स्लॅबवर घमेली वाहायला लागायची. आम्हीही त्यांच्यातलेच, फक्त थोडे आधी आलेले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वैजापूरजवळची कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली केली होती आणि चिकलठाण्याकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये ते कामाला लागले होते. सायकलवरून यायचे ते घामानं आणि धुळीनं असे माखलेले असायचे की बेबी, माझी धाकटी बहीण, त्यांना ओळखायची नाही.

खायला मिलो. ज्यांनी तो खाल्ला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. रेशनवर मिळायची ती परदेशातली लाल ज्वारी. भाकर थापताना कडा फाटायच्या, तव्यावर टाकली की तिचा रंग विटकरीसारखा व्हायचा आणि गार झाली की चावताना जबडा दुखायचा. आई चुलीपुढं बसून त्या धान्याला रोज शिव्या द्यायची. "ह्याला काय ज्वारी म्हणायची का? आमच्या गावाकडं ढोरांनीबी तोंड लावलं नसतं." तोंडानं असं म्हणायची आणि परातीला चिकटलेला कणही वाया जाऊ द्यायची नाही. सोबत पातळ वरण, नाहीतर मिरचीचा ठेचा, नाहीतर बुक्कीनं फोडलेला कांदा. आणि तरीही खरं सांगते, त्या भाकरीचा भाजतानाचा वास अजून मला कुठं आला तर मी वाटेत थांबून उभी राहते.

सिंधूआत्या अण्णांची धाकटी बहीण. लासूर स्टेशनजवळ दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणून बसवली, तशी ही एक ट्रंक घेऊन आमच्याकडं आली. भावकीतल्या बायका वैजापुरात म्हणाल्याच होत्या, आता बघा, भावजय हिला दोन वेळचं धड घालती का ते. अण्णांच्या हे कानावर गेलं होतं आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. आईच्याही कानावर गेलं होतं. आत्याला वाढताना तिचा हात नेहमी जरा पुढं व्हायचा, हे मी बघितलेलं आहे. ती आत्याला वन्सं म्हणायची आणि दोघी एकमेकींना तुम्ही-तुम्ही करायच्या, तरी दुपारी भांडी घासताना असं काय हसत बसायच्या की शेजारणी डोकावून जायच्या.

आत्या सातवीपर्यंत शिकलेली होती. रिकामं बसणं तिला जमायचं नाही. बांधकामावरच्या बायांची लेकरं वाळूच्या ढिगात दिवसभर उन्हात पडलेली बघून तिनं एके दिवशी त्यांना हाताला धरून आमच्या पुढच्या खोलीत आणून बसवलं, आणि तीच आमची बालवाडी. फी नाही, फळा नाही, गाणीसुद्धा फार नाहीत, कारण आत्याचा आवाज फाटका होता. ती लेकरांना एकच गोष्ट शिकवायची, कमी आणि जास्त. अंकांना ती हात लावायची नाही. लोक विचारायचे, "अहो बाई, एक-दोन कधी शिकवणार?" तर म्हणायची, "आधी कमी काय, जास्त काय ते तर कळू द्या. एक-दोन काय पोपटबी म्हणतोय." नंतर मी डी.एड. केलं, पुस्तकं वाचली, तेव्हा कळलं की हे असंच शिकवायचं असतं. आत्याला ते कुणी सांगितलं होतं देव जाणे.

एक कारण मला माहीत आहे, आणि ते आमच्या चुलीपाशी होतं. आमच्याकडं भाकरी मोजायच्या नाहीत. मोजली की बरकत जाते. आई भाकरी करून दुरडीत टाकायची, वर फडकं झाकायची, आणि कुणी फडकं उचलून बोटांवर मोजायला लागलं तर हातावर उलथनं बसायचं. आत्याही त्याच रिवाजात वाढलेली. मग न मोजता पुरतंय का नाही ते कसं बघायचं? तर जोड्या लावून. ही अण्णांची, ही मंगलची, म्हणजे माझी, ही बेबीची. उरलं तर जास्त आहे, कुणाला आलं नाही तर कमी आहे. तेच तिनं लेकरांना शिकवलं. एका बाजूला चिंचोके, एका बाजूला खडे. एका चिंचोक्याचं एका खड्याशी लगीन लावायचं, आणि ज्याचं लगीन राहिलं ती बाजू जास्त. लेकरं ह्या खेळात इतकी रमायची की एकदा एका पोरानं बिनलग्नाचा चिंचोका पाहून भोकाड पसरलं होतं.

काड्यांचा धडा वेगळा. दोन काड्या द्यायची आणि विचारायची, लांब कोणती? पोरं लबाड. आपली काडी पुढं सरकवून म्हणायची, माझी लांब. आत्या म्हणायची, "बूड एका जागी लाव, बाळा. मग बोल." भाकरीसारख्या चपट्या वस्तू असतील तर एकीवर एक ठेवायची, कड बाहेर कुणाची येते ते बघायचं. जड-हलकं बघायचं तर डोळे मिटून दोन हातांत. पाण्याचा धडा तेवढा आमच्याकडं कधी झाला नाही. कशात जास्त मावतं ते दाखवायला आत्यानं उंच पेला आणि पसरट वाटी मांडून आईकडं तांब्याभर पाणी मागितलं होतं. "पाण्याचा खेळ?" आई म्हणाली. "वन्सं, डोकं ठिकाणावर हाय का? त्या ट्यांकरवाल्याच्या पाया पडून आणलंय ते." मग आत्यानं बांधकामावरची वाळू आणली आणि पाण्याच्या जागी वाळू ओतून दाखवली. लेकरांना काहीच फरक पडला नाही. सगळ्या धड्यांत तिचं एकच सांगणं असायचं, "डोळ्यावर जाऊ नका. लावून बघा, आन जे दिसंल ते सांगा. कुणाला भिऊ नका." बेबी तेव्हा चार वर्षांची असेल. तिच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं होतं की घरात तिच्या तावडीतून काही सुटायचं नाही. अण्णांची चप्पल आईच्या चपलेवर, माझी वेणी आत्याच्या वेणीला, बाळूचा पाय स्वतःच्या पायाला. दिवसभर लावून बघणं चालू.

आता जेवणाची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संध्याकाळी आधी अण्णा आणि आम्ही पोरी जेवायचो. मग आई आणि आत्या. पीठ बेताचं असायचं. आई सगळ्या भाकरी सारख्या करायला बघायची, पण शेवटची लहानच व्हायची, परातीतलं खरवडून केलेली. ती शेवटची भाकर करणारणीनं खायची, हा आमच्याकडचा रिवाज. कुणी कधी त्यावर बोलायचं नाही. दोघी बायकांच्या वाटणीला एकेक भाकर उरायची, एक पुरती आणि एक ती खरवडीची. आई बाळूला पाजत भिंतीला टेकून बसायची आणि दोघींची ताटं आत्या वाढायची. आईला एका हातानं भाकर मोडता यायची नाही, म्हणून आत्याच तिच्या भाकरीचे तुकडे करून, वरणात बुडवून ताट तिच्यापुढं सरकवायची. आई बिचारी दिवसभराची दमलेली. मुकाट्यानं खायची. लहान भाकर आपली, ती आपण खातो आहोत, असं ती धरूनच चालली होती. मीसुद्धा तसंच समजत होते, कारण आम्ही पोरी तोवर पुढच्या खोलीत पडलेल्या असायचो.

त्या संध्याकाळी ट्यांकर येणार म्हणून सांगून गेले होते. ट्यांकर म्हणजे मारामारी. हंडे, बादल्या, डालड्याचे डबे घेऊन सगळ्या घरानं पळायचं असायचं, म्हणून अण्णा म्हणाले, "आज सगळेच बसा बरोबर. आवाज आला की निघायचं." वर्षानुवर्षांत आम्ही सगळे एका ओळीनं जेवायला बसलो ते त्या दिवशी. आई बाळूला घेऊन भिंतीला, तिच्या ताटात वरणात भिजलेले तुकडे. आत्यानं घाईघाईत स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि तिच्या ताटात ती भाकर अख्खीच राहिली. बेबी तिच्याशेजारी. मी अजून तो क्षण डोळ्यांपुढून हलवू शकत नाही. बेबीनं आत्याच्या ताटातली भाकर दोन्ही हातांनी उचलली, पलीकडं अण्णांच्या ताटातल्या भाकरीवर नीट ठेवली, कडेला कड लावली, आणि मान वाकडी करून बघितलं.

"अण्णा, बघा. आत्याची लहान. लई लहान."

अण्णा हसले. पोरगी हुशार निघाली म्हणून त्यांना कौतुक वाटलं. "वा गं मास्तरीण," म्हणाले. मग त्यांनी त्या दोन भाकरी बघितल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. वरची भाकर खालच्या भाकरीच्या मधोमध बसली होती आणि भोवती चांगली दोन बोटं कड उघडी होती.

"ही कुणाच्या ताटातली?" त्यांनी विचारलं.

"आत्याच्या," बेबी म्हणाली. "रोज आत्याचीच असती का?"

ते तिनं कशावरून विचारलं मला माहीत नाही. लेकरं विचारतात तसं विचारलं असेल. अण्णांनी आईकडं बघितलं. आई बाळूला खांद्यावर टाकत म्हणाली, "शेवटची हाय ती. ती माझी असती. मीच खाते रोज."

"तू खातीस? मग हिच्या ताटात कशी आली?"

आईनं आत्याकडं बघितलं. एवढं मात्र खरं की त्या वेळी सगळं आत्याच्या हातात होतं. एक वाक्य बोलायचं होतं, दादा, मीच घेतली. पण आत्याचा चेहरा उतरला आणि ती म्हणाली, "सारख्याच हायेत की दादा. लेकरू काय बी म्हणतंय."

बेबीला हे सहन झालं नाही. ज्या बाईनं शिकवलं तीच नाही म्हणते! "नाय सारख्या!" ती ओरडली. "आत्या, लावून बघ ना! मी कड लावलीया! बघ!" आणि तिनं आत्याचं बोट धरून ते त्या दोन बोटांच्या उघड्या कडेवर टेकवलं.

आत्यानं हात ओढून घेतला. ती लहान भाकर उचलली, कचाकचा मोडली आणि स्वतःच्या ताटात टाकली. "म्हटलं ना सारख्या! गप जेव!"

मी आत्याला इतकी वर्षं बघितली. लेकरानं बरोबर उत्तर दिलं आणि तिनं ते चूक म्हटलं, असं त्याआधी किंवा त्यानंतर कधी झालं नाही. बेबी रडायला लागली ती वेगळंच रडायला लागली, आवाज न करता. आणि अण्णांना तर आता खात्रीच पटली. बहीण भावजयीला पाठीशी घालते आहे, पोरीवर ओरडून झाकते आहे, असंच त्यांना वाटणार, दुसरं काय वाटणार? त्यांनी ताट सरकवलं. "लोक बोलत व्हते तवा मी त्यांच्या अंगावर गेलो," ते आईला म्हणाले. "माझ्या बहिणीच्या घासात हात घालतीस व्हय?" आवाज चढवला नव्हता. आई म्हणाली, "लेकराची आण घेते," आणि तिनं बाळूच्या डोक्यावर हात ठेवला. "आण घेऊ नको," अण्णा म्हणाले, "वर खोटं बोलू नको." तेवढ्यात बाहेर ट्यांकरचा आवाज झाला आणि ते हंडे घेऊन निघून गेले.

दोघी राहिल्या. आई म्हणाली, "वन्सं, तुमी तरी खरं सांगा. मी कधी दिली का तुमाला लहान भाकर? माझ्या ताटातली तिकडं गेली कशी?"

आत्या खाली बघत म्हणाली, "जाऊ द्या वैनी."

जाऊ द्या! माफ केल्यासारखं. आईची चूक होती आणि आत्यानं ती पोटात घातली, असाच त्याचा अर्थ झाला. आई ताडकन उठली. मला आजही त्या दोन शब्दांचा राग येतो. आत्यावर माझा फार जीव होता, पण ते शब्द तिनं बोलायला नको होते. आईची समजूत अशी झाली की आत्यानं मुद्दाम ती भाकर आपल्या ताटात घेऊन, सगळे बरोबर बसलेले असताना, भावापुढं मांडली. सांगा, तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं तरी दुसरं काय समजलं असतं?

लासूरला दुष्काळी कामावर लेकरं सांभाळायला बाई पाहिजे म्हणून आत्याला आधीच निरोप येऊन गेला होता. तिनं तेव्हा नको म्हणून सांगितलं होतं, कारण इथं तिची बालवाडी होती आणि सासरच्या गावाकडं तोंड करायची तिची इच्छा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रंक भरून तयार झाली. अण्णा म्हणाले, "तुला कुणी जा म्हटलंय का?" ती म्हणाली, "नाय दादा, मलाच जायचंय. माझ्यामुळं ह्या घरात वैनीला कुणी बोलायला नको." आई चुलीपुढून उठली नाही. बेबीनं आत्याच्या लुगड्याचा पदर धरला होता, तो तिनं हळूच सोडवला. लेकरं रोजच्या वेळेला आली, दारात उभी राहिली, मी त्यांना आज सुट्टी म्हणून सांगितलं. त्यानंतरही आठवडाभर येत होती. एका पोरानं तर चिंचोके मुठीत धरून आणले होते. त्याला मी काय सांगणार होते? आत्या त्यानंतर आमच्याकडं कायमची राहायला कधीच आली नाही. भाऊबीजेला यायची, ओवाळायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची.

आत्या ट्रंक घेऊन गेली त्या दिवशी संध्याकाळी आईचं ताट मी वाढलं. अकरा-बारा वर्षांची होते, पण घरात दुसरं होतं कोण? बाळू मांडीवर होता. दुरडीत आता एकट्या आईपुरती एक भाकर उरली होती, शेवटची, खरवडीची, कारण खाणारं एक तोंड कमी झालं म्हणून आईनं त्या दिवशी पीठच कमी घेतलं होतं. आत्या करायची तसे मी तिचे तुकडे केले, वरणात बुडवले आणि ताट सरकवलं. आईनं दोन घास खाल्ले. मग म्हणाली, "बाकीची कुठंय?"

"एवढीच हाय," मी म्हटलं.

"शेवटची हाय ना ही? माझी? रोजचीच?"

"व्हय."

तिनं बाळूला माझ्याकडं दिलं. ताटातले राहिलेले तुकडे बोटांनी एकमेकांना जुळवले, खाल्लेल्या दोन घासांची जागा मोकळी सोडली, आणि त्या ओल्या गोलाकडं ती बघत बसली. "ही एवढी नसायची गं मंगे," ती म्हणाली. "रोज ताटात ह्याच्या दीडपट असायचं. मी रोज खात व्हते आन मला कळलं नाय." मग तिनं पदर तोंडात कोंबला. अण्णा बाहेर बाजेवर होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. रात्री तिनं त्यांना सांगितलं असणार, कारण सकाळी ते चहा न पिता सायकल घेऊन गेले. आईला ते कधी चुकलं माझं असं म्हणाले नाहीत. त्या काळच्या पुरुषांना ते येत नव्हतं, आणि आताच्यांना येतं असंही काही नाही.

काही आठवड्यांनी आई आत्याला आणायला गेली, मला आणि बाळूला घेऊन. पॅसेंजरनं लासूर स्टेशनला उतरलो आणि मातीच्या रस्त्यानं चालत गेलो. कामावर बायांची रांगच्या रांग खडी फोडत बसलेली, आणि थोड्या अंतरावर चार बांबूंवर पोती टाकून केलेला मांडव. मांडवाखाली नागडी-उघडी लेकरं, हातात सरकारनं वाटलेल्या सुकडीचे लाडू, आणि मधोमध आत्या. लेकरांना तिनं खडीचे तुकडे दिले होते आणि सगळ्यांत मोठा शोधायला सांगितलं होतं. ती काळी पडली होती, गाल आत गेले होते. आम्हांला बघून उठली, पुढं आली, बाळूला हात लावायला म्हणून हात पुढं केला आणि मधेच थांबली. आईनं बाळूला माझ्याकडून घेऊन तिच्या कडेवर दिलं. दोघी मांडवाच्या कडेला सावलीत बसल्या.

"चला घरी," आई म्हणाली.

"हितल्या लेकरांना कुणाच्या हवाली करू? आया तिकडं दगड फोडत्यात."

"वन्सं, मला कळलंय. तुमी गेला त्याच दिशी कळलं. पुरती भाकर माझ्या ताटात घालत व्हता आन लहान तुमी खात व्हता."

आत्या बाळूचं टोपडं नीट करत राहिली.

"मग त्या वक्ताला तोंड का नाय उघडलं?" आईचा आवाज फुटला. "मी लेकराची आण घेतली. ह्यांनी मला खोटारडी म्हटलं. तुमी सारख्या हायेत म्हणून बसला! एक शब्द बोलला असता तर आज ही पाळी आली असती का?"

"बोलले असते तर काय झालं असतं, वैनी?" आत्या म्हणाली. "दुसऱ्या दिसापासून तुमी ती लहान भाकर माझ्या हातातून वढून खाल्ली असती. मी तुमाला वळखत नाय व्हय? हे पोरगं अंगावर पितंय. मला वाटलं, दादा दोन दिस रागवंल आन इसरून जाईल. तुमच्या पोटात भाकर तरी पुरती जाईल. म्हणून नाय बोलले."

लेकरं आमच्याभोवती गोळा झाली होती, आपापले खडे दाखवत होती. बाळू चुळबुळ करायला लागला तसं आईनं त्याला परत आपल्याकडं घेतलं.

"आन आता?" ती म्हणाली. "आता कोणची खाते मी, वन्सं?"

बाळू रडायला लागला होता. आईनं त्याला पदराखाली घेतलं. तो थोडा वेळ ओढत राहिला, दूध येईना तसा परत रडायला लागला.